काळ्या मण्यांतली तार

मी विम्याची एजंट. लोकांच्या घरी जायचं, त्यांच्याच सोफ्यावर बसायचं, त्यांचाच चहा प्यायचा आणि म्हणायचं, ‘समजा, उद्या तुम्ही नसलात तर?’ इतकी वर्षं हेच करतेय, त्यामुळे पुढं काय होतं ते मला पाठ आहे. नवरा खिडकीबाहेर बघायला लागतो. बायको भाजी करपेल म्हणून उठते. घरात म्हातारी असली तर ती तोंडावर सांगते, “भरल्या घरात असलं बोलू नये.” मग मी म्हणते, “आजी, मी नाही बोलले म्हणून टळतंय होय?” त्या दिवशी पॉलिसी होत नाही, हे वेगळं सांगायला नको. माझ्या जिभेला हाड नाही असं आख्खी बार्शी म्हणते. म्हणू दे.

समदाबच्या शिबिरात तो प्रश्नसुद्धा मीच विचारला होता.

समदाब काय आहे ते आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, तरी सांगते. आपल्या मानेत, जबड्याच्या खाली, जिथं बोट दाबलं की नाडी लागते, तिथं रक्तवाहिनीला एक छोटा फुगवटा असतो. त्याच्या भिंतीत नसा असतात. रक्ताचा दाब वाढला की भिंत ताणते, नसा मेंदूला कळवतात, आणि मेंदू हृदयाला सांगतो, जरा दमानं घे. रक्तवाहिन्यांना सांगतो, सैल व्हा. व्यवस्था चोख आहे. पण दाब वर्षानुवर्षं चढाच राहिला की भिंत ताठरते आणि नसांना त्या दाबाची सवय होऊन जाते. चुलीपाशी बसणाऱ्या बाईला धूर जाणवत नाही, तसं त्यांचं होतं. दाब एकशे नव्वद झाला तरी त्या गप्प.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा बनवला, तेच समदाब. तो सुईनं त्या फुगवट्याशेजारी बसवतात. तो नसांना विजेचे बारीक टिचके देतो, मेंदूला वाटतं दाब फारच चढलाय, आणि मेंदू तो उतरवायला घेतो. दाण्यात बॅटरी नाही. मोबाइल जसा वायर न खुपसता चार्ज होतो, तशी त्याला वीज बाहेरून, गळ्याभोवतीच्या तारेतून मिळते. म्हणजे गळ्यात कायम काहीतरी हवं.

आधी त्यांनी पांढरा पट्टा काढला. बायकांनी दोन दिवस घातला आणि खुंटीला अडकवला. भाकरी थापताना घाम येतो, आणि जो तो विचारतो, मानेला काय झालं? तेव्हा तिथल्या कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं की बाई गोळी विसरेल, चष्मा विसरेल, मंगळसूत्र काही विसरणार नाही. झालं. काळ्या मण्यांतून तार ओवली. एका वाटीत बॅटरी, दुसऱ्या वाटीत सगळं गणित. पुरुषांना गोफ, आणि बिनलग्नाच्या किंवा नवरा नसलेल्या बायकांना साधी स्टीलची साखळी.

शिबिर मंगल कार्यालयात होतं. माझी थोरली जाऊ शर्मिलाताई रांगेत पहिली, कारण तिला मीच ओढत नेलं होतं. तिचा दाब एकशे नव्वदवर एकशे दहा. डॉक्टरांनी तीन गोळ्या दिलेल्या, आणि ही डोकं दुखलं की घ्यायची, नाही दुखलं की नाही. “अहो ताई, ते दुखत नाही, म्हणून तर ते घातक,” असं मी कानीकपाळी ओरडायचे. ती म्हणायची, “बरं वाटतंय मला.” उपवास असला तर गोळी नाहीच, वर शेंदेलोण घातलेली भगर दोनदा. शेंदेलोण म्हणजे मीठ नव्हेच, असं आमच्याकडं सगळ्यांचं मत.

गौतमी नावाची एक चुणचुणीत इंजिनीअर पुण्याहून आली होती. तिनं सूचना वाचून दाखवल्या. आंघोळीला काढू नका. झोपताना काढू नका. काही तासांच्या वर बंद राहिलं तर शरीर उलटं उसळतं, दाब होता त्याहून वर जातो, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

मी हात वर केला. “आणि नवरा गेला तर?”

सगळं कार्यालय वळून माझ्याकडं बघायला लागलं. आमच्या चुलत सासूबाई, माई, शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी माझ्या मांडीवर फटका मारला. “भवाने, शुभ बोल की जरा.”

गौतमीचे कान लाल झाले. ती खाली वाकून हळूच म्हणाली, “मॅडम, ऑफिसात हा विषय निघाला होता. पण माहितीपत्रकात तसं छापायला कुणी तयार होईना. साधी साखळी मिळते ना, तेव्हा ती घ्यायची.”

“तेव्हा म्हणजे केव्हा?”

“साखळीला पेशंटचं सगळं शिकून घ्यावं लागतं. मंगळसूत्र आणि साखळी एक रात्र दोन्ही गळ्यात ठेवायची, किंवा मग सोलापूरला सेंटरला यायचं.”

“म्हणजे आधीच करून ठेवायला हवं.”

“बस खाली,” शर्मिलाताईनं माझा पदर ओढला. “लाज आणतेस चारचौघांत.”

बसले मी. नंतर सुई टोचून घ्यायला पहिली तीच गेली आणि घाबरून माझाच हात धरला.

पुढची दोन-तीन वर्षं मात्र फार बरी गेली, हे कबूल करायला हवं. ताईचा दाब एकशे तीसच्या आसपास आला. जिना चढताना धाप लागायची ती गेली. दर तासाचा आकडा घरच्यांच्या फोनवर यायचा, आणि दाब अचानक चढला की फोन टुंगटुंग वाजायचा. तो फोन होता अविनाशदादांचा, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांचा.

दादांचं सोलर पंप दुरुस्तीचं दुकान. माणूस मायाळू, पण आंधळा. बायको गप्प बसली म्हणजे खुशीत आहे, अशी त्यांची समजूत. ताईसुद्धा तसलीच. काही विचारलं की “काही नाही.” लग्नाला तीस वर्षं झाली तरी या बाईनं नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं की तुम्ही पाहुण्यांसमोर माझ्या स्वयंपाकाची मस्करी करता ते मला लागतं. आता दादा पाहुण्यांत बसून म्हणाले, “आमच्या हिची आमटी म्हणजे रंगपंचमीचं पाणी,” की खिशात फोन टुंगटुंग. पहिल्यांदा ते दचकले. फोन बघितला, बायकोकडं बघितलं. ती हसत हसत पोळी वाढत होती.

“अगं, एकशे साठ दाखवतंय.”

“काही नाही हो, वाढताना वाकले म्हणून.”

रात्री दादांनी मला फोन केला. “पल्लवी, खरं सांग. शर्मिलाला माझा राग येतो का?”

“दादा, तीस वर्षांनी विचारताय?” मी म्हटलं. “बाई आहे ती, दगड नाही.”

हा माणूस बदलला हो. खरंच बदलला. फोन वाजला की आतल्या खोलीत जाऊन विचारायचा, “काय झालं? मी काय बोललो?” आणि हळूहळू ताई सांगायला लागली. आधी आमटीचं, मग जुन्याजुन्या गोष्टी, त्या सासू गेल्या तेव्हाच्या, त्या मूल राहिलं नाही तेव्हाच्या. दोघं गच्चीवर बसून बोलायची. मला हेवा वाटायचा. आमच्या प्रवीणरावांना मी तोंडानं सांगूनही कळत नाही. मी पण समदाब बसवून घेतलं, दाब थोडा होताच, पण खरं कारण हे. प्रवीणरावांनी फोनचा आवाज बंद करून टाकला.

दादांनी स्वतःचा दाब मात्र कधी मोजला नाही. “मला काय धाड भरलीय?” रोज कडक भाकरीवर शेंगाचटणी, वर खारातली मिरची. पायाला सूज आली तेव्हा उन्हात फिरल्यामुळं म्हणाले. जेवण जाईना तेव्हा पित्त म्हणाले. सोलापूरला नेलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, वाढलेल्या दाबानं दोन्ही मूत्रपिंडं आतून झिजून गेलीत. बायकोचा दाब तासातासाला बघणारा माणूस, आणि त्याला स्वतःचा आकडा तेव्हा पहिल्यांदा कळला. दोनशे दहा.

डायलिसिस सुरू झालं. हृदयही थकलं होतं. डॉक्टरांनी मला आणि प्रवीणरावांना बाहेर बोलावून सांगितलं की फार आशा धरू नका.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. दादा जाणार. दादा गेले की ताईचं मंगळसूत्र निघणार. ते निघालं की ताई जाणार. गावोगाव ठराव झालेत, चौकात पाट्या लागल्यात की नवरा गेल्यावर बाईच्या अंगावरचं काही काढायचं नाही. पण पाटी चौकात असते आणि बाई घरात. मी मला हवं तेवढं रडले आणि मग साखळी मागवली. माझ्या पैशानं, ताईच्या नावानं.

डबी घेऊन गेले तेव्हा ताई लिंबू कापत होती. दादांना पाणी मोजून द्यायचं असायचं, म्हणून ती लिंबाची फोड चोखायला द्यायची. मी डबी उघडून कट्ट्यावर ठेवली. “ताई, एक रात्र. पदराखाली घाला, कुणाला दिसायची नाही.”

तिनं साखळीकडं बघितलं आणि सुरी ठेवली. “ते आत झोपलेत, पल्लवी.”

“म्हणून तर आत्ताच.”

“ते श्वास घेतायत आत, आणि मी विधवेची साखळी घालू? माझ्या हातानं?”

“ताई, ती साखळी आहे. स्टीलची. तिच्यात तार आहे. तिला काय कळतंय तुम्ही कोण ते?”

“तुला नाही कळायचं. तुझा धंदाच तो.”

मला लागलं ते. मी काही बोलणार एवढ्यात आतून टुंगटुंग आवाज आला. दादांचा फोन. मग त्यांची हाक आली, बारीक, ओढलेली. “शर्मिला? काय झालं?”

आम्ही दोघी आत गेलो. माझ्या हातात डबी तशीच. दादांनी डबीकडं बघितलं आणि त्यांना समजलं. दोघींपैकी कुणी काही सांगायची गरजच पडली नाही.

“बरं केलंस पल्लवी,” ते म्हणाले. “शर्मिला, घाल ती.”

“अहो, तुम्ही तरी असं बोलू नका.”

“मी सांगतोय म्हणून घाल. माझ्यामागं तुला...”

तिनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला. फोन वाजतच होता, एकशे बहात्तर, एकशे अठ्ठ्याहत्तर, आणि दादा त्या आकड्याकडं बघत होते. जरा जास्त बोललो तर हिला आत्ताच काहीतरी होईल, अशी भीती त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसली. दादांनी तिचा हात हातात घेतला आणि विषय बदलला. लिंबू आंबट आहे म्हणाले. आकडा उतरला.

त्यानंतर मी तीनदा प्रयत्न केला. एकदा तर ती झोपलेली असताना गळ्यात घालायला गेले. तिला जाग आली आणि तिनं मला थोबाडीत मारली. मी तिला दोष देत नाही.

दादा सकाळी गेले. चहा मागितला, आणि तो येईपर्यंत गेले. माणसं जमली, सामान आलं. मी डबी पर्समध्ये घेऊनच आले होते, आणि दादांचा फोनही मी ताब्यात घेतला होता. मी सरळ माईंकडं गेले. “माई, हात जोडते. एक रात्र दोन्ही तिच्या गळ्यात राहू द्या. उद्या काय काढायचं ते काढा.”

माई रडत होत्या. “मी कुठं काय म्हणतेय गं? माझं कोण ऐकतंय आता? तिचं तिला विचार.”

इथंच माझा सगळा अंदाज चुकला होता. मी बायकांशी भांडायची तयारी करून आले होते. कुणीही ताईच्या गळ्याला हात लावला नाही. दादांना उचलायची वेळ झाली तशी ताई स्वतःच उठली, मंगळसूत्र डोक्यावरून काढलं आणि दादांच्या हातात ठेवून त्यांची बोटं मिटायला लागली.

“ताई, नका! तुम्हाला माहितीये काय होईल ते!”

“तीस वर्षं त्यांच्या नावानं घातलं, पल्लवी,” ती म्हणाली. आवाज अगदी शांत. “ते निघालेत, आणि मी काय मशीन म्हणून घालून बसू?”

मी दादांच्या हातातून ते ओढायला गेले. प्रवीणरावांनी माझं मनगट धरलं. “अगं, काय करतेस? मयताच्या हातातलं ओढतेस?” सगळे माझ्याकडं बघत होते. मला वेड लागलंय असंच वाटलं असेल. माझ्या पर्समध्ये फोन वाजायला लागला, बाहेर काढला तर त्यावर आलेलं, संपर्क तुटला. पुरुषमंडळींनी तिरडी उचलली. मंगळसूत्र दादांबरोबर गेलं.

मी सेंटरला फोन केला. ते म्हणाले, आत्ताच्या आत्ता सोलापूरला आणा. ताई म्हणाली, “तिसऱ्या दिवशी सावडून झालं की जाऊ. तोवर उंबरा ओलांडायचा नाही मला.” जवळच्या डॉक्टरांना आणलं, त्यांनी गोळ्या दिल्या. एक तिनं घेतली, दुसरी उलटून पडली. पोटात अन्नाचा कण नव्हता. साध्या मशीननं दाब मोजला तर दोनशे वीस. मी ओरडले, रडले, पाया पडले. गाडी दारात उभी करून ठेवली. ती भिंतीला टेकून दादांच्या जागेवरच्या दिव्याकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दिव्यात तेल घालायला उठली. तेलाचं भांडं उजव्या हातातून निसटलं. मी म्हटलं, “राहू द्या ताई, मी पुसते.” ती माझ्याकडं वळून काहीतरी बोलली. त्यात एकही शब्द नव्हता. ओठ एका बाजूला ओघळला होता. मग मी आणि प्रवीणरावांनी तिला उचलून त्याच गाडीत घातलं.

जगली ती. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. दवाखान्यातच त्यांनी तिच्या गळ्यात साखळी घातली. आता आकडा व्यवस्थित येतो, एकशे तीसच्या आसपास. एक शब्द तेवढा राहिलाय, ‘नको’. पाणी हवं असलं तरी नको, लघवीला जायचं असलं तरी नको. कुठलं नको काय म्हणतंय ते मी आता ओळखते. ती आमच्याकडेच असते. दादांचा फोन माझ्याकडं असतो.

गौतमी भेटायला आली होती. बिचारी रडली. म्हणाली, आता नियम बदलतोय, मंगळसूत्राच्या डबीतच साखळीही देणार. मी विचारलं, आणि पत्रकात लिहिणार का कशासाठी ते? ती म्हणाली, “तेवढं सोडून.”

गेल्या आठवड्यात मी ठरवलं. कुणीतरी सुरुवात करायला हवी ना? मी माझ्यासाठी साखळी मागवली, एक रात्र दोन्ही घातली, आणि सकाळी मंगळसूत्र काढून पर्समध्ये टाकलं. प्रवीणराव नाश्त्याला बसले होते, ठणठणीत. माझ्या गळ्याकडं बघून त्यांचा घास थांबला. “मला मारायला निघालीस की काय?”

“तुम्हाला नाही, मला जगायचंय म्हणून घातली,” मी म्हटलं. ते उठून गेले. जाऊ दे. मला बरं वाटत होतं. अगदी मोकळं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

पेजेची वाटी घेऊन मी ताईच्या खोलीत गेले. उशी वर केली, तिला टेकवून बसवलं. चमचा तोंडाशी नेला आणि तिची नजर माझ्या गळ्यावर गेली.

“नको,” ती म्हणाली.

“पेज आहे ताई. तूप घातलंय.”

“नको. नको.” डावा हात वर आला. माझ्या गळ्यातली साखळी तिनं मुठीत धरली आणि ओढली. एवढा जोर तिच्यात उरला असेल असं मला वाटलं नव्हतं. वाटी कलंडली.

“ताई, सोडा. अहो, हे आहेत, आत्ताच बाहेर गेले, ठणठणीत आहेत. ही नुसती साखळी आहे. तुमच्या गळ्यात आहे तीच.”

माझं हे वाक्य संपलं आणि ती रडायला लागली. अर्ध्या तोंडानं, आवाज न करता. स्वतःच्या साखळीला हात लावायची, माझ्या साखळीला लावायची, आणि नको नको म्हणायची. तिला काय म्हणायचंय ते मला समजलं. माझ्यासारखं तुझं व्हायला नको. दादांचा फोन टुंगटुंग वाजायला लागला. एकशे पासष्ट. एकशे ऐंशी. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय की एकशे नव्वदच्या वर पुन्हा गेला तर वाचायची नाही.

मी बोलायचा प्रयत्न केला. समजावणं माझा धंदा आहे. फोन एकशे शहाऐंशी म्हणाला.

मी गळ्यातली साखळी काढली, पर्समधलं मंगळसूत्र घेतलं आणि तिच्यासमोर गळ्यात घातलं. तिनं डाव्या हातानं माझ्या पदराखालून ते बाहेर ओढलं, वाट्या नीट सरळ केल्या. मग कपाळाकडं बोट केलं. मी आरशापाशी जाऊन टिकली लावून आले.

फोन हळूहळू उतरला. एकशे साठ, एकशे अठ्ठेचाळीस, एकशे बत्तीस. मी पलंग पुसला, दुसरी पेज आणली. तिनं तोंड उघडलं आणि मी तिला भरवायला लागले.